दगडी हायस्कूल शाहू महाराजांनी बांधलं? अहो, साल तरी बघा!

मंगळवारपेठी
काल तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला. कोल्हापूरच्या भवानी मंडपाशेजारच्या दगडी राजाराम हायस्कूलचा फोटो आणि खाली मजकूर: 'ही वास्तू राजर्षी शाहू महाराजांनी बहुजनांच्या लेकरांसाठी उभारली. त्याआधी करवीरात इंग्रजी शिक्षणाचा पत्ताच नव्हता.' खाली पन्नास जणांचे हात जोडलेले.

दोन वेळा गप्प बसलो, आता लिहितोच. महाराजांचा जन्म १८७४ चा. दत्तक आले १८८४ ला, राज्याची सूत्रं हातात आली १८९४ ला. राजाराम कॉलेज सुरू झालं १८८० साली, आणि हायस्कूल त्याच्याही आधीचं. सहा वर्षांच्या पोरानं कॉलेज काढलं का? नाव ज्या राजाराम महाराजांचं आहे, ते १८७० मध्ये परदेश दौऱ्यावरून परतताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. आणि 'इंग्रजीचा पत्ताच नव्हता' म्हणणाऱ्यांसाठी: न्यायमूर्ती रानडे १८५६ पर्यंत इथंच इंग्रजी शिकत होते, मग मुंबईला गेले. गोखले १८८१ ला इथूनच मॅट्रिक झाले.

महाराज एवढे मोठे आहेत की त्यांना दुसऱ्याच्या भिंती उसन्या द्यायची गरज नाही.

कागलचा_आप्पा
झालं का मोजून? शाळा होती हे कोण नाकारतंय? शाळेत कोण होतं ते बोला की. तुम्ही दिलेली दोन नावं बघा, रानडे आणि गोखले. तिसरं एखादं आडनाव सापडतंय का त्या सालांत? महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं. काही वर्षांत तिथं एकाच जातीची पोरं उरली. म्हणून १९०१ पासून मराठा, जैन, मग मुस्लिम, अशी एकेक बोर्डिंगं निघाली. कर्मवीर भाऊराव जैन बोर्डिंगात राहून याच राजाराममध्ये शिकले.

माझा आजा घोंगडं आणि भाकरीचं गठुळं घेऊन चालत कोल्हापूरला आला होता. बोर्डिंगात जागा मिळाली म्हणून चार बुकं शिकला, तलाठी झाला. त्याला विचारलं असतं शाळा कुणी बांधली, तर एकच नाव सांगितलं असतं. फॉरवर्डवाल्याचं साल चुकलं असेल, माणूस नाही चुकला.

मंगळवारपेठी
आप्पा, आजोबांबद्दल आदर आहे. पण भावना वेगळी, बांधकाम वेगळं. महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा प्राथमिकचा होता, हायस्कूलचा नव्हे.

कागलचा_आप्पा
मग हायस्कूलला पोरं आभाळातनं पडणार होती व्हय? पोराला शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! पहिलीत बसवल्याशिवाय आठवीत कोण जातंय?

चुनाभट्टी
बांधलं कुणी यावर भांडा निवांत. बुजवतंय कोण, ते बघा. मी चाळीस वर्षं बांधकामात काढली. अशीच एक दगडी शाळा, गावाचं नाव सांगत नाही, 'सुशोभीकरणा'ला निघाली. दगडांमधल्या चुन्याच्या दरजा उकरून सिमेंट भरलं, आतनं ऑइलपेंट मारला. मी ओरडून सांगितलं, चुन्याची भिंत श्वास घेते, ओल आत-बाहेर करते. सिमेंटनं तिचं नाक दाबलं की पाणी आतच राहतं. तीन पावसाळ्यांत पेंटचे फुगे आले. बोटानं दाबलं की फुटायचे आणि आतनं ओली, पिठासारखी माती हातात यायची. दगडाच्या कडा खपल्यांनी निघाल्या. एस्टिमेट काढणारा बदली होऊन गेला होता.

राजारामपुरी_९वी_गल्ली
काका, चुना चुना करताय, चुना मळणार कोण? घाणीला बैल कोण जुंपणार? चुना निवायला महिना घालवायचा म्हटलं तर ठेकेदार टेंडरच भरत नाही. जूनमध्ये पोरांच्या डोक्यावर पाणी गळतंय, त्यांना सांगणार का थांबा, भिंत श्वास घेतेय?

चुनाभट्टी
गळतंय ते छपरातनं, भिंतीतनं नाही. मंगलोरी कौलं फिरवायला किती खर्च येतो माहीत आहे का? चार गडी, दोन दिवस. ते करायचं नाही, कारण त्यात बिल निघत नाही.

राजारामपुरी_९वी_गल्ली
म्हणजे आम्ही सगळे चोर. बरं.

मंगळवारपेठी
अहो, धागा इतिहासाचा आहे.

शाळेतल्या_बाई
इतिहासवाल्यांना आणि चुनावाल्यांना एकत्रच नमस्कार. मी सव्वीस वर्षं अशाच एका जुन्या दगडी शाळेत शिकवलं. फळा टांगायला खिळा मारायचा तर 'वास्तू जुनी आहे', आणि मुलींना धड संडास नव्हता तेव्हा मात्र वास्तू कुणालाच आठवली नाही. शेवटच्या तासाला मुली पाणी पीत नव्हत्या, का ते तुम्हा पुरुषांना समजावून सांगत नाही. जिन्याच्या पायऱ्या मधोमध वाटीसारख्या झिजलेल्या, पावसात त्यात पाणी साठायचं. पाहुणे फोटो काढायचे, 'किती पिढ्यांची पावलं!' माझा त्याच पावलांवरून पाय घसरून घोटा मोडला.

कागलचा_आप्पा
बाई, पटलं. पण पेठेतल्या लोकांना घोट्याचं काय? त्यांना १८८० पाहिजे.

मंगळवारपेठी
'पेठेतले लोक' म्हणजे काय, स्पष्ट लिहा. माझे वडील गिरणीत होते. मीही फी माफीवरच शिकलो. साल विचारलं की जात काढायची, ही नवीन पद्धत आहे का? गोखल्यांनाही थोरला भाऊ पंधरा रुपये पगारातले आठ पाठवायचा, तेव्हा शिक्षण झालं. गरिबी एकाच बाजूला नव्हती.

कागलचा_आप्पा
गरिबी दोन्हीकडं होती, दार एकीकडंच उघडं होतं. एवढं मान्य करा, मी सालं मान्य करतो.

मंगळवारपेठी
केलं मान्य. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं एका वर्गात बसवली, ते काम कुठल्याही इमारतीपेक्षा मोठं आहे. आता फॉरवर्ड दुरुस्त करून पाठवणार का?

कागलचा_आप्पा
'उभारली'च्या जागी 'उघडली' करतो. चालंल?

मंगळवारपेठी
'सगळ्यांसाठी उघडली' करा. नाहीतर परत कुणीतरी नारळ फोडल्याचा फोटो लावेल.

चुनाभट्टी
तुमचं मिटलं असेल तर माझं ऐका. जुन्या चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. गूळ आपल्याकडं, हिरडा पश्चिमेच्या डोंगरात. आणि आपण सिमेंट आणतोय बाहेरनं.

राजारामपुरी_९वी_गल्ली
काका, आता भिंतीलाही गूळ? बाजारातला भाव बघितलाय का?

कागलचा_आप्पा
गुळाची पेठ, शाहूपुरी, १८९५. ती महाराजांनीच वसवली. मंगळवारपेठी, इथं काय हरकत आहे का?

मंगळवारपेठी
नाही. साल बरोबर आहे.

चुनाभट्टी
पण वाडे त्याच्या आधीपासनं गुळावरच उभे होते हं.