अंगणवाडीत नाव घेत नाहीयेत, तक्रार कुठे करायची?

प्रश्नचिन्ह
बहिणीच्या मुलाचं नाव इथल्या अंगणवाडीत घेत नाहीयेत. दोनदा जाऊन आलो. बाई म्हणतात, आधीच कुठेतरी नोंद आहे, मोबाइलवर नाव परत चढत नाही. सोमवारच्या आत काम व्हायला पाहिजे. तक्रार कुठे करायची तेवढं सांगा, बाकी लेक्चर नको.

खडूस काका
आरटीईचा फॉर्म भरा. खासगी शाळेत २५ टक्के जागा राखीव असतात, फी लागत नाही. पुतण्याचा नंबर लागला, आता पोरगं फाडफाड इंग्रजी बोलतं.

गोधडी
मूल किती वर्षांचं? आधीची नोंद कुठली? 'इथे' म्हणजे कुठे? तुमच्या बाई लेक्चर देत नाहीत आणि तुम्ही माहिती देत नाही.

प्रश्नचिन्ह
सव्वादोन वर्षांचा. गावी नोंद केली असेल, बीड जिल्हा. बहीण-दाजी आता पुण्यात बांधकामावर आहेत, साइटवरच राहतात. पण त्याचा काय संबंध? अंगणवाडी सगळीकडे सरकारचीच ना?

खडूस काका
सव्वादोन होय. मग थांबावं लागेल. पण जन्मदाखला आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.

मोकळा श्वास
अंगणवाडीच्या नादी लागू नका. घरी नेण्याची ती आहाराची पाकिटं आमच्याकडे म्हशीला घालायचे. नाव लावून मिळणार काय?

मधली सुट्टी
मी स्वतः सेविका आहे, १४ वर्षं झाली. आधी कामाचं सांगते. २०२१ पासून सगळं पोषण ट्रॅकरवर, म्हणजे सरकारच्या मोबाइल ॲपवर आहे. एक मूल दोन ठिकाणी दिसू शकत नाही. गावच्या ताईंनी त्यांच्या मोबाइलवर मूल स्थलांतरित दाखवलं, की इथल्या ताईंना घेता येतं. एक फोन लावा, तक्रार राहू द्या. मुलाचं आधार नसेल तरी चालतं, आईचं असतं. आणि नोंदीला मोबाइल नंबर कोणाचा दिलाय ते बघा. आहार देताना ओळख पटवायला आईच्या चेहऱ्याचा फोटो घेतात आणि ओटीपी त्या नंबरवर जातो. निम्मी भांडणं तिथेच होतात.

दादा, म्हशीचं म्हणालात ते मीही पाहिलंय. पण ते पाकीट रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांच्या हिशोबाचं असतं. चव नसेल तर पोळीच्या कणकेत मिसळा. म्हशीला घालायची अट नाही.

मोकळा श्वास
ताई, राग नको. पण बायका दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, मुलांकडे बघतं कोण?

मधली सुट्टी
मी अकरा रजिस्टरं लिहिलेली बाई आहे. तेव्हा म्हणायचे, बायका दिवसभर लिहीतच बसतात.

जुनी वही
विषय निघालाच आहे म्हणून. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यावी, ही ताराबाई मोडकांची कल्पना. १९४५ साली बोर्डीत काम सुरू झालं, अनुताई वाघ बरोबर होत्या. अंगणवाडीची सरकारी योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला. आता मूलच गाव सोडून चाललंय आणि अंगण मागे राहिलंय.

प्रश्नचिन्ह
अहो, सोमवार! गावच्या बाईंचा नंबर मिळवतोय. तो आला की सोमवारपासून भाच्याला अंगणवाडीत बसवता येईल ना? किती वाजेपर्यंत ठेवतात?

गोधडी
सव्वादोन वर्षांचं मूल बसवत नाहीत. तीन ते सहाची मुलं बसतात, तीही काही तासच. त्याच्या आतल्यांना घरी नेण्याचा आहार, वजन, लसीकरण. सोमवारी नक्की आहे काय?

प्रश्नचिन्ह
बहीण सोमवारपासून कामावर जाणार आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस गेली होती, तेव्हा त्याच्या कमरेला ओढणी बांधून टोक खांबाला अडकवलं होतं. सावलीत होता, पण पलीकडेच सळयांचा ढीग. मला वाटलं सगळ्यांना कळलं असेल.

गोधडी
कसं कळणार? तुम्हाला पाळणाघर पाहिजे आणि आम्ही तासभर ओटीपीवर भांडतोय.

जुनी वही
बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायची तरतूद होती. मुकादमाला विचारा.

मोकळा श्वास
मुकादम हजेरीपटावर ५० बायका दाखवेल तेव्हा! नवऱ्याच्या नावावर जोडीची हजेरी लागते. बाई कागदावर नसतेच.

मधली सुट्टी
हे मात्र खरं बोललात.
प्रश्नचिन्ह दादा, अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन सरकारच्या 'पाळणा' योजनेचं पाळणाघर जवळ आहे का विचारा. अंगणवाडीलाच जोडलेलं असतं, सहा महिन्यांपासून घेतात. मोबाइल क्रेश म्हणून संस्था १९६९ पासून बांधकामांवरच पाळणाघरं चालवायचं काम करते, त्या धर्तीचं काम पुण्यातही आहे. शेजारच्या मोठ्या साइटवर असेल तर तिथे घेतील का ते विचारा. आणि इथल्या बाईंनी कुपोषण बघायला दंडाला मापाची पट्टी लावली का? किती आलं?

प्रश्नचिन्ह
बारा पॉइंट काहीतरी म्हणाल्या. पट्टी पिवळ्यावर होती.

मधली सुट्टी
साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटर म्हणजे मध्यम कुपोषण. घाबरू नका, पण आहार चुकवू नका आणि पुढच्या महिन्यात परत मोजा. साडेअकराच्या खाली गेलं तर नोंदीची वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

प्रश्नचिन्ह
गावच्या बाईंशी बोललो, आज संध्याकाळी करतो म्हणाल्या. नोंदीतला नंबर बहिणीच्या सासूचा निघाला. सासू म्हणते, मेसेज येतात, मी पुसून टाकते, बँकेचे वाटले. पलीकडच्या साइटवर उद्या सकाळी जातोय. तिथे नाही जमलं तर सोमवारी मी रजा टाकतो, मंगळवारचं नंतर बघू.

खडूस काका
जन्मदाखला?

प्रश्नचिन्ह
गावी आहे काका. पेटीत.