बातमी पुढे पाठवणाराही गुन्हेगार?

घणसोलीकर: खोटी बातमी छापणाऱ्याइतकाच ती पुढे ढकलणाराही दोषी धरला पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केजरीवाल प्रकरणात, मानहानीकारक मजकुराचे रीट्वीट हीदेखील मानहानी ठरू शकते असे म्हटले, ते योग्यच झाले.

नौपाडेकर: हे वाचून गप्प बसवेना. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी अब्रुनुकसानी घटनात्मक ठरवली आणि आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, हे मान्य. परंतु तिथे बातमी खरी असून भागत नाही, ती लोकहिताची होती हेही आरोपीलाच दाखवावे लागते. संपादकाच्या हाताशी कागदपत्रे आणि वकील असतात. आमच्या सोसायटीतील एका निवृत्त गृहस्थांनी रखडलेल्या गृहप्रकल्पाची बातमी ग्रुपवर टाकली आणि बिल्डरची नोटीस आली ती त्यांना, पोर्टलला नाही. त्यांनी माफीनामा लिहून दिला, बातमी मात्र पोर्टलवर अजून आहे.

घणसोलीकर: माझ्या मेव्हण्यावर पतसंस्थेतील अपहाराची बातमी आली होती. चौकशीत काहीही निघाले नाही, पोर्टलने दोन ओळींचा खुलासा छापला, पण तो एकानेही पुढे पाठवला नाही. पुढे त्याच्या मुलीचे स्थळ मोडले, तेव्हा पलीकडच्यांनी मोबाइलवर तीच जुनी बातमी दाखवली. आपल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याचे गोडवे त्यांना ऐकवा.

वाशीवाले: आणि ग्रुपच्या ॲडमिनचे काय? रात्री दोन वाजता कोण काय टाकतो, यावर मी पहारा ठेवायचा का?

कोपरीकर: नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे की समान हेतू असल्याशिवाय केवळ ॲडमिन म्हणून सदस्याच्या मजकुराची जबाबदारी येत नाही.

वाशीवाले: निकालाची प्रत खिशात घेऊन कोण फिरतो? पोलीस ठाण्यातून फोन आला की घरचेच म्हणतात, ग्रुप बंद कर.

नौपाडेकर: भीती निराधार नाही. पालघर ठाणे जिल्ह्यात होते तेव्हा, २०१२ साली, फेसबुकवरील मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली होती. त्यांतल्या एकीने तो नुसता लाइक केला होता.

घणसोलीकर: तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ लावले होते, जे २०१५ मध्ये रद्द झाले. अब्रुनुकसानी अदखलपात्र आहे, वॉरंटाशिवाय अटक होत नाही. वकिली करायचीच असेल तर नीट करा.

नौपाडेकर: दुरुस्ती शिरसावंद्य, वकीलसाहेब! तरीही दंडाधिकाऱ्यांपुढच्या तारखा त्या गृहस्थांनाच पडल्या असत्या. दिवाणी दावा ठेवा, पहिली नोटीस प्रकाशकाला द्या आणि खुलासा येऊनही तो त्याच ग्रुपवर टाकायला जो नकार देईल, त्यालाच पुढे धरा.

घणसोलीकर: खुलाशाची ती सक्ती खरोखरच होणार असेल, तर फौजदारी कलमाचा हट्ट मी सोडेन. तोवर नाही.