कॅक्टी १.२ वर आणल्यापासून चालू स्विच ‘डाउन’ दिसतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या साखर कारखान्यात ४२ स्विच आणि राउटर कॅक्टीवर (नेटवर्कवर नजर ठेवून ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर) आहेत. रविवारी ०.८.८ वरून १.२ वर आलो. डेटाबेसचा बॅकअप घेतला होता, अपग्रेडही विनातक्रार पूर्ण झालं. स्पाइन (उपकरणांकडून माहिती गोळा करणारा कॅक्टीचा जोडप्रोग्राम) त्याच आवृत्तीचा नव्याने कंपाइल केला, कारण दोन्हींच्या आवृत्त्या जुळायला लागतात.

तेव्हापासून सगळी उपकरणं लाल, ग्राफ रिकामे. वजनकाट्यावरचा स्विच घ्या. टर्मिनलवरून पिंग लागतो, एसएनएमपी-वॉकला (एसएनएमपी म्हणजे उपकरणाला त्याची स्थिती विचारण्याचा प्रोटोकॉल) धडाधड उत्तरं येतात, पण ग्राफचे आकडे साठवणारी आरआरडी फाइल उघडली की रविवारी रात्रीपासून नुसतं ‘नॅन’, म्हणजे आकडाच नाही. पोलर (माहिती गोळा करण्याची ठरावीक फेरी) दर ५ मिनिटांनी चालतो, या फाइल असतात त्या आरआरए फोल्डरची मालकीही तपासली. पोलर कॅशे दोनदा रीबिल्ड केला.

एक धागा मात्र हाती लागलाय. त्याच स्विचची डाउन ओळखण्याची पद्धत ‘पिंग आणि एसएनएमपी’ऐवजी फक्त एसएनएमपी केली, तर पुढच्याच फेरीत तो हिरवा झाला आणि ग्राफ सुरू! म्हणजे आयसीएमपी पिंगच अडतोय. नव्या स्पाइनला रूटचा सेटयूआयडी बिट (कुणीही चालवला तरी प्रोग्राम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतो) द्यायचा राहिला असावा, असा माझा दाट संशय आहे.

कुणी हे केलंय का? थेट सेटयूआयडी द्यावा, की फक्त कॅप-नेट-रॉ परवानगीवर (पिंगसारखे कच्चे पॅकेट पाठवण्यापुरता अधिकार) भागेल? सर्व्हरवर इतरांचेही लॉगिन आहेत, म्हणून रूटचा अधिकार द्यायला मन धजत नाही. गाळप सुरू आहे आणि काट्याची लिंक तुटली तर ट्रॅक्टरांची रांग थेट रस्त्यावर जाते, त्यामुळे जरा घाई आहे. लॉग हवा असल्यास लगेच टाकतो.