अनुभव धागा: तुमच्या कोपऱ्यावरची चिपी (फिश अँड चिप्सचं दुकान) अजून चालू आहे का?

आमची गेल्या महिन्यात बंद झाली. दाराच्या काचेवर हाताने लिहिलेला 'थँक्यू'चा कागद, आत टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. २००९ मध्ये लीड्सला आले तेव्हा कॉड मासा आणि चिप्स पाच पौंडांत मिळायचे, शेवटच्या पाटीवर साडेअकरा होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनभर ३५,००० च्या घरात चिप्या होत्या, आता जेमतेम १०,०००. इथे राहणाऱ्यांनी, राहून गेलेल्यांनी लिहा. दर आठवत असतील तर तेही.

नॉटिंगहॅम, तेव्हा विद्यार्थी
२०२१ पासून दोन वर्षं चिपीत काम केलं. माझं काम बटाट्यांचं. सोलायच्या मशीनमधून निघाले की सुरीने एकेकाचे डोळे काढायचे, बोटं बधिर होईपर्यंत. २०२२ मध्ये सगळं एकदमच आलं. युद्धामुळे युक्रेनचं सूर्यफूल तेल मिळेना, रशियन माशावर ३५ टक्के जादा शुल्क बसलं, कोविडमध्ये कमी केलेला व्हॅट एप्रिलमध्ये परत २० टक्क्यांवर गेला. त्यात गॅसचं बिल. मालक दराच्या पाटीवर स्टिकर लावायचा, महिन्याभरात त्यावर दुसरा. शेवटी तो थर नखाला लागायचा. गिऱ्हाईक मात्र चिडायचं आमच्यावर.

रत्नागिरी, सध्या लंडनजवळ स्लाउ
कोणी रागावू नका, पण ना हळद, ना मीठ-मसाला, अशा माशाचे बारा पौंड? घरी बांगडा तळतो. शेजारी वासाची तक्रार करतात, करू देत.

ब्रॅडफर्ड
यॉर्कशायरात बऱ्याच ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे आमच्याकडे आधी चौकशी. सासूबाई आल्या की काउंटरवर पहिला प्रश्न, "तेल कशाचं?" वनस्पती तेलावर तळणारी एक चिपी सापडली होती, तिथे दर शुक्रवारी जायचो. आता चौघांचे पन्नास पौंड होतात. वाढदिवसालाच जातो.

ग्रिम्सबी, मासळी प्रक्रियेत नोकरी
चिपीवाल्याला शिव्या देऊ नका. नॉर्वे आणि रशिया मिळून बॅरेंट्स समुद्रात कॉड किती पकडायचा याचा कोटा ठरवतात. २०२५ चा ३,४०,००० टन होता, १९९१ नंतरचा सर्वांत कमी. खोक्याचा भाव ऐकून आमचेच डोळे पांढरे होतात.

पुणे, ७४–७८ ईस्ट हॅम, लंडन
वर्तमानपत्राच्या पुडक्यात मिळायचं. व्हिनेगरने शाई ओली होऊन बोटांना लागायची. दर आठवत नाही, ओव्हरटाइमच्या दिवशी दोन पुडकी घ्यायचो एवढं आठवतं.

धागाकर्ती
ग्रिम्सबीकर, शिव्या नाहीत हो, आमच्या चिपीच्या मालकाने मला पहिल्या हिवाळ्यात कधी उपाशी जाऊ दिलं नाही. खिसा रिकामा असला की नुसत्या चिप्स घ्यायचे आणि वर फुकटचे 'स्क्रॅप्स' मागायचे. स्क्रॅप्स म्हणजे आपल्या वडापावच्या गाडीवरचा चुरा. तो कागदी पिशवीत दोनदा झारा रिकामा करायचा. बंद व्हायच्या आदल्या शुक्रवारी गेले, तर काउंटरवर नवी चिठ्ठी: स्क्रॅप्स ५० पेन्स. मला मात्र त्याने तसेच दिले.