शब्दचर्चा : ‘स्ट्रीम’ला प्रवाह म्हणावं का?

प्रश्न

डिप्लोमाच्या मुलांना मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रामिंग प्रणालीतलं नेटवर्क प्रोग्रामिंग मराठीतून शिकवते. क्लासला ‘वर्ग’ आणि बिल्ट-इनला ‘अंगभूत’ हे शब्द मुलांनी लगेच उचलले. अडतंय ते सॉकेट (नेटवर्कवरच्या जोडणीचं टोक), टीसीपीलिसनर (येणाऱ्या जोडण्या स्वीकारणारा वर्ग) आणि नेटवर्कस्ट्रीम (जोडणीवरून बाइट वाचायचा-लिहायचा वर्ग) या तिघांपाशी. कोश बघून फळ्यावर खोबण, श्रोता, प्रवाह असं लिहिलं, तर मुलं माझ्याच तोंडाकडे बघत बसली. हे शब्द ठेवू की मूळचेच राहू देऊ?

उत्तर

तिघांचा निवाडा वेगवेगळा करावा लागेल.

सॉकेटला सॉकेटच म्हणा. भिंतीवरच्या सॉकेटमुळे हा शब्द घराघरांत पोचलेला आहे. खोबण म्हटलं की डोळ्याची खोबण आठवते. १९८३ साली ४.२ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्सबरोबर सॉकेटची जी मांडणी आली, तीच बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट, कनेक्ट या नावांनी आजही डॉट नेटच्या सॉकेट वर्गात सापडते. तेवढा जुना शब्द मोडू नये. पोर्टचंही, म्हणजे मशिनवर जोडणी जिथे येते त्या दाराच्या क्रमांकाचंही, तसंच. ‘बंदर ८०८०’ हे वाचून कोणाला काय कळणार?

‘श्रोता’ मात्र चुकीचाच आहे. श्रोता बोलणं ऐकतो. टीसीपीलिसनर एक बाइटही वाचत नाही. स्टार्ट केलं की येणाऱ्या जोडण्या रांगेत उभ्या राहतात. ॲक्सेप्टटीसीपीक्लायंट त्यातली पुढची जोडणी उचलून तिच्यासाठी वेगळा टीसीपीक्लायंट हातात देतो, आणि लिसनर पुन्हा दाराशी. बोलणं सगळं त्या नव्या क्लायंटशी. म्हणून नाव ‘लिसनर’च राहू द्या आणि काम सांगताना ‘दाराशी थांबतो’ म्हणा. रांग रिकामी असेल तर ॲक्सेप्टची ओळ तिथेच खोळंबते. ब्लॉकिंगला ‘खोळंबा’ यापेक्षा नेमका शब्द मला तरी सुचत नाही. लोकलने येणाऱ्या मुलांना तो समजावूनही सांगावा लागणार नाही.

आता प्रवाह. हा शब्द काही झालं तरी सोडू नका, कारण टीसीपीचा, म्हणजे दोन मशिन जोडून बाइट क्रमाने पोचवणाऱ्या नियमांचा, अर्धा धडा त्यातच आहे. मुलं नेटवर्कस्ट्रीमला टपालपेटी समजतात: इकडून दोन पत्रं टाकली की तिकडे दोन पत्रं निघणार. तसं होत नाही. इकडे दोनदा राइट केलेलं तिकडे एकाच रीडमध्ये चिकटून येऊ शकतं किंवा तीन तुकड्यांत येऊ शकतं. नदीत दोन तांब्ये पाणी ओतलं, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला ते दोन तांब्ये वेगळे कसे दिसतील? रीड किती बाइट मिळाले तेवढाच आकडा देतो. समोरच्याने जोडणी बंद केली की तो आकडा शून्य होतो. संदेश कुठे संपला हे आपणच ठरवायचं, आधी लांबी पाठवून किंवा शेवटी खूण ठेवून.

मी स्वतः यात फसलो आहे. १२७.०.०.१ वर, म्हणजे एकाच मशिनवर, प्रोग्राम सुरळीत चालत होता. मोबाइल नेटवर्कवर नेला आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हाचे चौकोन दिसू लागले. ‘नमस्कार’ घ्या. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या नेहमीच्या पद्धतीत, प्रत्येकाचे तीन बाइट, एकूण २१. पहिल्या रीडला १० बाइट आले तर न, म, स पूर्ण मिळतात आणि हलन्ताचा एकच बाइट हाती येतो. प्रत्येक तुकडा सुटासुटा अक्षरांत बदलला की जोडाक्षर तिथेच फुटतं. स्ट्रीमरीडर हा अंगभूत वर्ग असे अर्धवट बाइट पुढच्या वाचनासाठी राखून ठेवतो. नुसत्या इंग्रजी मजकुरावर ही चूक कधी दिसलीच नसती, म्हणून मुलांना हे उदाहरण देवनागरीतूनच करून दाखवा.

आणखी एक मत

प्रवाहात मागे जाता येत नाही. पण फाइलस्ट्रीममध्ये सीक करून मागे जाता येतं, मेमरीस्ट्रीममध्येही. मग सगळ्या स्ट्रीमना प्रवाह कसं म्हणायचं?

उत्तर

मुद्दा रास्त आहे. स्ट्रीम या मूळ वर्गातच कॅनसीक नावाचा गुण आहे: मागे जाता येतं की नाही, हे ज्याचं त्याने सांगायचं. नेटवर्कस्ट्रीम तिथे कायम ‘नाही’ म्हणतो आणि सीक केलं तर अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना) फेकतो. तेव्हा मूळ वर्गाला आणि फाइलवाल्याला स्ट्रीमच म्हणू, प्रवाह हा शब्द नेटवर्कपुरता राखू. एकाच शब्दाने सगळीकडे निभावलं पाहिजे असा माझा आग्रह नाही.

मूळ प्रश्नकर्ती

आज फळ्यावर ‘नमस्कार’चे २१ चौकोन काढले आणि दहाव्यानंतर खडूने रेघ मारली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मॅडम, मग उरलेले दोन बाइट कुठे जातात?” तासाची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. खोबण पुसून टाकली आहे.