साल्क आणि बोस यांची नावं पुढे करून पेटंटला शिव्या घालणं थांबवा

मेधा_कारेलीबाग
काल आपल्या बडोदेकर मंडळींच्या ग्रुपवर दांडियाकाकांनी टाकलेलं तुम्ही वाचलंच असेल. सारांश असा: पेटंट म्हणजे कायद्याने दिलेली लुटीची परवानगी. जगदीशचंद्र बोसांनी पेटंट घेतलं नाही, साल्कने पोलिओच्या लसीचं घेतलं नाही, म्हणून ते ऋषी. आणि कोरोनाच्या लसींची पेटंटं २०२० मध्येच रद्द केली असती तर पुढच्या उन्हाळ्यात माणसं मेली नसती. खाली नुसत्या टाळ्या. मी एका औषध कंपनीच्या पेटंट विभागात काम करते, रोजचं हेच आहे, त्यामुळे गप्प राहवत नाही.

बोसांनी पेटंट घेतलं होतं. अमेरिकन पेटंट, क्रमांक ७५५८४०, अर्ज १९०१ चा, मंजुरी १९०४ ची. गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून विद्युतलहरी पकडायचं साधन. त्यांना स्वतःला ते नको होतं, त्यांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल आणि भगिनी निवेदिता मागे लागल्या म्हणून अर्ज झाला, हेही खरं. पण ‘घेतलंच नाही’ हे खोटं आहे.

साल्कचं टीव्हीवरचं ‘सूर्याचं पेटंट घेता येतं का?’ हे सगळ्यांना पाठ असतं. ज्या फाउंडेशनने पैसा पुरवला त्याच्या वकिलांनी पेटंट मिळेल का ते आधीच तपासलं होतं आणि मिळणार नाही असं ठरवलं होतं, हे कोणी सांगत नाही. आणि त्यानंतर काय झालं? १९५५ च्या एप्रिलमध्येच कटर लॅबोरेटरीज या अमेरिकन कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहिले. दोनशेच्या आसपास माणसं लुळी पडली, दहा गेली. कृती काही लपवलेली नव्हती. पण फॉर्मॅलिनने विषाणू मारताना गाळण नीट झालं नाही तर गुठळ्यांच्या आत ते वाचतात. हे हात बसल्याशिवाय कळत नाही.

कोरोनाचंही तेच. मॉडर्नाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की साथ असेपर्यंत आमची पेटंटं आम्ही कोणावर चालवणार नाही. मग किती कंपन्यांनी ती लस त्या वर्षात करून दाखवली? एकीनेही नाही. कारण मेदाच्या थेंबात एमआरएनए (लसीतला संदेशवाहक रेणू) गुंडाळायची यंत्रं, तो कच्चा माल आणि ती माणसं पेटंटच्या कागदात नसतात. कोविशील्ड पुण्यात झाली ती ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाकडून रीतसर परवाना आणि तंत्र दोन्ही मिळालं म्हणून.

दांडियाकाका
मेधा, लिहितेस छान. पण तुझं सगळं लिखाण २००५ नंतरचं, म्हणजे औषधाच्या रेणूला आपल्याकडे पुन्हा पेटंट मिळायला लागल्यानंतरचं आहे. मी त्याआधीचा माणूस आहे.

बडोद्यात औषधांचा धंदा जुना. अ‍ॅलेम्बिक १९०७ ची, कलाभवन या इथल्या तंत्रशाळेच्या गज्जर मास्तरांचा हात त्यात होता. तरी १९११ च्या इंग्रजी कायद्याखाली रेणूचंच, म्हणजे औषधाचंच, पेटंट असायचं, आणि आपल्याकडची औषधं जगातल्या सगळ्यात महाग औषधांत मोजली जायची. अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनेच ते नोंदवलंय. मग न्यायमूर्ती अय्यंगारांचा पेटंट कायद्यावरचा १९५९ चा अहवाल, १९७० चा कायदा, १९७२ पासून अंमल. औषधाच्या रेणूला पेटंट नाही, फक्त कृतीला. तीही पाच-सात वर्षं. बस, तिथून आम्ही सुटलो.

माझी सगळी नोकरी यात गेली. परदेशी कंपनीचा रेणू समोर ठेवायचा आणि त्यांची वाट सोडून दुसऱ्या वाटेने तिथे पोचायचं. त्यांनी एक सॉल्व्हंट वापरला तर आम्ही दुसरा. त्यांचं हायड्रोजनेशन (हायड्रोजन जोडायची पायरी) शेवटी तर आमचं आधी. रात्री रिअ‍ॅक्टरपाशी उभं राहून तापमान लिहिलंय मी. याला तुझ्या भाषेत चोरी म्हणतात का? तुला आज पगार देणारी कंपनी या ‘चोरी’वर उभी राहिली.

आणि हात बसायचा असतो म्हणतेस, तर कॉर्बेव्हॅक्स ही कोरोनाची लस बघ. टेक्सासच्या होटेझ आणि बोताझी यांनी पेटंट न घेता हैदराबादच्या बायोलॉजिकल ई ला लस दिली, आणि कशी करायची तेही शिकवलं. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे मंजुरी. पेटंटशिवाय तंत्र देता येतं, देणाऱ्याची इच्छा हवी.

मकरपुरा_वर्कशॉप
तुम्ही दोघं मोठ्या कंपन्यांचं बोलताय. मी जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) गॅस डिटेक्टर बनवतो, माझ्याबद्दल कोण बोलणार?

तागुचीने १९६२ मध्ये जपानात टिन ऑक्साइडच्या सेन्सरचं पेटंट टाकलं. तिकडे घरोघर सिलिंडर फुटत होते म्हणून. तापवलेल्या टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, रेझिस्टन्स चढतो. गॅस आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो आणि रेझिस्टन्स कोसळतो. एवढंच तत्त्व. त्यावर फिगारो कंपनी उभी राहिली १९६९ मध्ये. आज ते पेटंट मेलंय, एमक्यू-६ नावाचा चिनी सेन्सर शाळेतल्या मुलाच्या प्रोजेक्टमध्येही असतो.

पण हा सेन्सर दमटपणाला भुलतो, अल्कोहोलच्या वाफेला भुलतो. बडोद्याच्या जुलैमध्ये दिवसभर खोटा अलार्म. नंदेसरीच्या प्लांटमध्ये ऑपरेटर काय करतो? वायर काढून ठेवतो. मग खरा गॅस येतो तेव्हा काहीच वाजत नाही. मी दमटपणाची दुरुस्ती करणारं सर्किट आणि हीटर चालवायची वेगळी पद्धत काढली. पेटंट घेतलं, रीतसर, मुंबई ऑफिसातून, मंजूर व्हायला वर्षं गेली. एका मोठ्या कंपनीने माझा तुकडा ‘ट्रायल’ला ठेवून घेतला आणि पुढच्या टेंडरमध्ये तोच प्रकार दुसऱ्याच नावाने आला. वकिलाकडे गेलो तर त्याने सांगितलेली फी माझ्या वर्षाच्या नफ्यापेक्षा जास्त. ते सर्टिफिकेट आता ऑफिसच्या भिंतीवर आहे. मेधाताई, ज्याला कोर्टात जाणं परवडत नाही त्याच्यासाठी पेटंट काय आहे, सांगा.

सयाजीगंज_सिस्टर
खोट्या अलार्मचं निघालंच आहे तर ऑक्सिमीटरबद्दल कोणी बोलेल का? एप्रिल २०२१. आमच्या वॉर्डात खाटेवर, खाटेखाली, कॉरिडॉरमध्ये माणसं. नातेवाईक बाजारातून मिळेल तो ऑक्सिमीटर मिळेल त्या भावाला आणत होते. दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगत होता. तेव्हा पेटंट कुठे होतं आणि कायदा कुठे होता?

फतेगंज_फ्रिक्वेन्सी
सिस्टर, ऑक्सिमीटर म्हणजे पेटंटच्या भांडणाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. आओयागी नावाचा जपानी इंजिनिअर, १९७४. त्याला मोजायचं होतं हृदय किती रक्त ढकलतं ते, आणि नाडीचे ठोके सिग्नल खराब करत होते. ठोके घालवायला त्याने लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरले, आणि लक्षात आलं की ठोके हाच रक्तातल्या ऑक्सिजनचा सिग्नल आहे. त्याच्या निहोन कोहडेन कंपनीने पेटंट टाकलं, मिनोल्टाचा अर्ज महिनाभर मागे पडला. आओयागी गेले एप्रिल २०२० मध्ये, घरोघर लोक बोटाला क्लिप लावायला लागले त्याच सुमारास.

आणि आता बघा. अ‍ॅपलच्या घड्याळात तेच मोजमाप. ऑक्सिमीटर बनवणाऱ्या मॅसिमो कंपनीने केस टाकली, अमेरिकेच्या आयटीसीने (व्यापार आयोगाने) २०२३ मध्ये आयातीवर बंदी घातली, जानेवारी २०२४ पासून तिकडे विकलेल्या नव्या घड्याळांत ते फीचर बंद. ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळ्या मार्गाने, गणित फोनवर करून, परत आणलं. इतकी बलाढ्य कंपनी, तिलाही वळसा घालावा लागला. मकरपुरावाल्यांना सांगतो, पेटंट चालतं.

मकरपुरा_वर्कशॉप
मॅसिमो काही जीआयडीसीतल्या भाड्याच्या शेडमध्ये नाही. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. तुमचं उदाहरण माझीच बाजू घेतंय.

मेधा_कारेलीबाग
सिस्टर, २०२१ मध्ये ऑक्सिमीटर महाग झाला तो व्यापाऱ्यांनी केला. मूळ पेटंट कधीच संपलं होतं. म्हणून तर सरकारने त्या जुलैमध्ये व्यापाऱ्याच्या मार्जिनवर ७० टक्क्यांची मर्यादा घातली. काळा बाजार पेटंटच्या खात्यावर टाकू नका.

सयाजीगंज_सिस्टर
मी खातं-बितं काही मांडत नाहीये. माझा प्रश्न वेगळाच आहे. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलं की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवतो आणि रक्तात मात्र ऑक्सिजन कमी असतो, असं गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. आमच्या वॉर्डात बोटावर ९४ दाखवणारा माणूस ओठ निळे पडून धापा टाकायचा. मशीनवर ९४ आहे, थांबा, असं सांगितलं जायचं. मी भांडून ऑक्सिजन लावलाय. अर्ध्या शतकात हात हलला की आकडा चुकतो त्याची दुरुस्ती झाली, तिच्यावर कोर्टकज्जे झाले. सावळ्या कातडीवर आकडा चुकतो त्याची दुरुस्ती कोणाला सुचली नाही?

दांडियाकाका
बाईंनी नेमकं बोट ठेवलं. पेटंट बाजाराकडे बघून निघतं. ज्याच्या खिशात पैसा त्याचीच अडचण सुटते. रोटाव्हॅक आठवा, बाळांच्या जुलाबावरची लस. ११६ई हा विषाणू दिल्लीत एम्सच्या तान्ह्या बाळांत सापडला ऐंशीच्या दशकात, आणि लस सरकारी कार्यक्रमात आली २०१६ मध्ये. श्रीमंत देशांना त्याची घाई नव्हती.

फतेगंज_फ्रिक्वेन्सी
काका, तिथे पेटंट आडवं आलं नव्हतं, पैसा नव्हता. सिस्टरांच्या प्रश्नाचंही तेच. चाचणीत सावळी माणसं किती घ्यायची हा मंजुरी देणाऱ्याचा नियम असतो. तो कडक करा, कंपन्या झक मारत दुरुस्ती करतील.

सयाजीगंज_सिस्टर
‘झक मारत’ म्हणायला सोपं आहे. त्या रात्री तुम्ही वॉर्डात नव्हता.

फतेगंज_फ्रिक्वेन्सी
नव्हतो. माझे वडील होते. ऑक्सिजनच्या रांगेत. त्यामुळे मला शिकवू नका.

मेधा_कारेलीबाग
दोघांनीही थांबा जरा. सिस्टर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पण काका, तुम्ही मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या संसर्गाची) लस मुद्दाम विसरलात. आफ्रिकेतल्या ए प्रकारासाठी. जंतूवरच्या साखरेच्या साखळीला (पॉलिसॅकराइडला) प्रोटीन जोडायची पद्धत अमेरिकेच्या एफडीएतल्या (औषध नियामक संस्थेतल्या) ली आणि फ्रॅश यांची. परवाना पाथ या आरोग्य संस्थेमार्फत पुण्याच्या सीरमला मिळाला, डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसवला, आणि २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. ज्यांच्या खिशात काही नव्हतं त्यांच्यासाठी. पेटंट असलेली गोष्ट कोणाला, कुठल्या अटीवर द्यायची हे ठरवता येतं. भांडायचं ते अटींवर.

दांडियाकाका
आणि अट मानलीच नाही तर? नेक्साव्हर. किडनीच्या कर्करोगाचं औषध, महिन्याला २ लाख ८० हजार. २०१२ मध्ये नाटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटवाल्याच्या संमतीशिवायचा) मिळाला, भाव ८,८८० वर आला. कोणाच्या चांगुलपणाने आला नाही, सरकारने हात पिरगळला म्हणून आला. त्यानंतर किती सक्तीचे परवाने दिले गेले? एकही नाही. कायद्यात कलम आहे, धमक नाही.

मेधा_कारेलीबाग
नेक्साव्हरचं मान्य. जुन्या औषधाच्या किरकोळ बदलाला पेटंट नाकारणारं कलम ३(ड) सुद्धा हवंच, ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाचा २०१३ चा निकाल मी पेटंट विभागात बसूनही बरोबर मानते. जुन्या रेणूचा नवा स्फटिक दाखवून आणखी वीस वर्षं मागणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधावर तेच झालं, क्षयातून बऱ्या झालेल्या दोघींनी विरोध नोंदवला आणि २०२३ मध्ये मुदतवाढीचा अर्ज फेटाळला गेला. कोणीही विरोध नोंदवू शकतो असा आपला कायदा आहे. पेटंट रद्द करा म्हणणाऱ्यांनी आधी हे दरवाजे वापरावेत.

दांडियाकाका
बोसांचं मान्य. साल्कच्या वकिलांचं मला ठाऊक नव्हतं, तेही ठीक. बाकी माझं मत जागेवर आहे. औषधाच्या रेणूला पेटंट देणं १९७० मध्ये चूक होतं आणि आजही चूक आहे. रेणू शोधणाऱ्याला बक्षीस द्या, सरकारी तिजोरीतून द्या, पण रुग्णाच्या उशाशी वसुलीला बसवू नका.

मकरपुरा_वर्कशॉप
पुन्हा औषधच. माझ्या सर्किटचं काय?

मेधा_कारेलीबाग
भाऊ, पेटंटचा क्रमांक मेसेज करा. पेटंटच्या शेवटी दिलेले दावे (नेमकं काय तुमचं ते सांगणारे) वाचल्याशिवाय काही बोलणं बरोबर नाही. दावा ‘दमटपणाची दुरुस्ती’ असा मोघम असेल तर कठीण आहे. हीटर किती वेळ, कुठल्या क्रमाने चालवायचा हे लिहिलं असेल आणि त्यांच्या यंत्रात तेच सापडलं, तर नोटिशीलाही वजन येतं. टेंडर काढणाऱ्यालाही ती नोटीस पाठवता येते, आणि अडकलेला माल कोणाला नको असतो. त्यांचा एक नग विकत घेऊन उघडून बघितलात का?

मकरपुरा_वर्कशॉप
उघडलाय. पोटिंग करून ठेवलंय, म्हणजे सर्किटवर काळं इपॉक्सी ओतून घट्ट केलंय. खरवडावं लागेल. क्रमांक पाठवतो, पण खटल्याचा खर्च कोण देणार याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

दांडियाकाका
इपॉक्सी खरवडू नकोस, बोर्डही जाईल. सॉल्व्हंटमध्ये फुगवून निघतं, शनिवारी घेऊन ये, कुठला ते बघून सांगतो. आणि तुझ्या दाव्यांची एक प्रत मलाही दे. त्याच्या बाजूने वाट काढता येते का ते मी तपासतो, जन्मभर तेच केलंय. मला वाट सापडली तर त्यांनाही सापडेल, मग वकिलावर पैसे घालू नकोस. मेधाशी माझं भांडण आहे तसंच राहील.