लस टोचूनही गोठ्यात लाळ्या-खुरकूत कसा आला?

प्रश्न:
माझ्याकडे चौदा संकरित गाई आहेत. सहा महिन्यांपूर्वी सर्वांना लाळ्या-खुरकुताची लस टोचली होती. मात्र दहा दिवसांपूर्वी बाजारातून आणलेल्या गाईच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, जिभेवर फोड आले आणि आता आणखी तीन गाई लंगडत आहेत. काल एक वासरू, तोंडात एकही फोड नसताना, दूध पिता पिता कोसळून मेले. उरलेल्या गाईंना लगेच लस द्यावी का?

उत्तर (पशुवैद्यक):
लसीचे संरक्षण सहा महिन्यांच्या सुमारास ओसरते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण नवी गाय इतरांसोबत बांधलीत. विषाणू ज्यांच्या अंगात शिरला आहे त्यांना आता लस वाचवू शकणार नाही. उलट एकच सुई फिरली तर रोगच पसरेल. लस द्यायची ती आसपासच्या निरोगी गोठ्यांना, बाहेरून आत येत. हा विषाणू कोवळ्या वासरांच्या हृदयाच्या स्नायूवर हल्ला करतो, त्यामुळे ती फोड येण्याआधीच दगावतात. आजारी गाईला वासरू पाजू नका, उकळून कोमट केलेले दूध द्या. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आजच कळवा, कारण २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार हा रोग कळवणे बंधनकारक आहे.

उत्तर (जुने पशुपालक):
आमचे वडील आजारी जनावराची लाळ फडक्याने बाकीच्यांच्या तोंडाला चोळत, म्हणजे सगळा गोठा एकदाच आजारी पडून मोकळा होई. तसे का करू नये?

उत्तर (पशुवैद्यक):
तेव्हा लस सहज मिळत नव्हती, म्हणून ती रीत समजण्यासारखी होती. पण बरी झालेली संकरित गाय पुढे उन्हात धापा टाकत राहू शकते, तिचे दूध पूर्वीइतके न येण्याची शक्यता असते आणि घशात विषाणू महिनोन्‌महिने टिकू शकतो. शिवाय आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार आढळतात. एकातून बरे झालेले जनावर दुसऱ्याला बळी पडते.

उत्तर (दूध उत्पादक):
या विषाणूला आम्ल आणि अल्क दोन्ही सोसत नाहीत, म्हणून दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून दारात पाय बुडवण्यासाठी ठेवा आणि गव्हाणी, घमेली, दुधाचे कॅन त्यानेच धुऊन नंतर साध्या पाण्याने खळबळा. (दुकानदाराने मला एकदा खाण्याचा सोडा दिला होता, तो या कामाचा नाही.) धार आधी निरोगी गाईंची काढा, आजारी गाईंची शेवटी, आणि हात धुतल्याशिवाय वासरांकडे जाऊ नका. आमच्या भागात गाळप हंगामात ऊसतोड टोळ्यांचे बैल गावच्या हौदावर पाणी पितात, म्हणून त्या दिवसांत मी गाईंना गोठ्यातच पाणी देतो. नवी गाय घेताना कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकावरून लसीची नोंद पाहतो आणि तिला एकवीस दिवस वेगळ्या छपरात बांधतो. जागा नसेल तर खरेदीच पुढे ढकलतो.